परळमध्ये उलगडलेला अपवाद

संतुलित आहार घेणाऱ्या निरोगी प्रौढाला जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची सहसा गरज नसते. मात्र या नियमाचा सर्वांत मोठा अपवाद मुंबईतील संशोधनातूनच पुढे आला. 1928 साली येथे आलेल्या ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिकेने परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय, ज्यात तांबड्या पेशी संख्येने घटतात पण आकाराने वाढतात, अभ्यासला आणि ‘मार्माइट’ या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलेट, म्हणजेच ब-9 जीवनसत्त्व, म्हणून ओळखला गेला. पालेभाज्या व डाळींत ते असते, परंतु फार वेळ शिजवल्याने त्यातील बराच भाग नष्ट होतो आणि गर्भारपणी गरजही वाढते. म्हणून 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल व 60 मिलिग्रॅम लोह असलेली शासकीय गोळी गरोदर स्त्रीने रोज, किमान 180 दिवस, घेणे अत्यावश्यक आहे. दूधही वर्ज्य करणाऱ्या शाकाहारींनाही ब-12 पूरक स्वरूपात घ्यावे लागते. याउलट, अ आणि ड ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठत असल्याने वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतलेल्या त्यांच्या मोठ्या मात्रा घातक ठरू शकतात.