तीन मालिका जिंकून देणारा कॅप्टन एका दौऱ्यात नकोसा झाला : अजित वाडेकरांसोबत नेमकं काय घडलं?

४ जुलै २०२४. टी-ट्वेंटी वर्ल्डकप घेऊन आलेल्या रोहित शर्माला बघायला मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. चारच महिन्यांनी जवळच्याच वानखेडेवर न्यूझीलंडने कसोटी मालिका ३-० ने खिशात घातली आणि रोहितची कॅप्टन्सी संपली, अशा पोस्ट पडायला लागल्या.

मुंबईच्याच आणखी एका कॅप्टनच्या वाट्याला हे पन्नास वर्षांपूर्वी आलं होतं. तेव्हा सोशल मीडिया नव्हता, म्हणून लोकांनी थेट घरावर दगड मारले.

तो कॅप्टन म्हणजे अजित वाडेकर.

१९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींच्या जागी वाडेकर कॅप्टन झाले. वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या पहिल्याच कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. सामना चार दिवसांचा झाला की फॉलोऑनला २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांच्या लक्षात होता. भारताची आघाडी होती १७०. त्यांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. ती कसोटी ड्रॉ झाली, पण मालिका भारताने १-० ने जिंकली.

त्याच वर्षी ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडमध्ये भारताने पहिल्यांदा कसोटी आणि मालिका जिंकली. १९७२-७३ मध्ये मायदेशातही इंग्लंडला २-१ ने हरवलं. इंदूरमध्ये तर विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची मोठी बॅट उभी राहिली.

मग १९७४ चा इंग्लंड दौरा आला. लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत ऑलआउट झाला, मालिका ०-३ ने गेली.

मग तीन वर्षांत वाडेकर कॅप्टन्सी विसरले का? तर नाही.

पहिलं कारण हवामान. १९७१ ची मालिका जुलै-ऑगस्टमध्ये झाली होती, तेव्हा फिरकीला साथ मिळाली. १९७४ ची जूनमध्ये सुरू झाली. गारवा आणि ओलसर हवेत चेंडू स्विंग होत होता आणि आपली ताकद होती फिरकी.

दुसरं, माणसं. दिलीप सरदेसाई निवृत्त झाले होते. लॉर्ड्सवर चंद्रशेखर जखमी झाला आणि त्याला दहा षटकंही टाकता आली नाहीत.

तिसरं, ड्रेसिंग रूम. बेदी आणि वाडेकर यांचं पटत नव्हतं. संघ जिंकत असतो तेव्हा असे मतभेद झाकले जातात, हरायला लागला की बाहेर येतात.

चौथं, स्वतःची बॅट. तीन कसोटींत वाडेकरांचं एकही अर्धशतक नव्हतं. धावा न करणाऱ्या कॅप्टनचा शब्द संघात हलका होतो.

पुढे दुलीप ट्रॉफीसाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं. ३३ व्या वर्षी ते निवृत्त झाले. इंदूरच्या त्या बॅटचीही विटंबना झाली.

कॅप्टन म्हणून हिशोब सांगतो : १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ ड्रॉ. चारपैकी तीन पराभव त्या एकाच दौऱ्यातले. म्हणजे कॅप्टनचा पडता काळ बऱ्याचदा अख्ख्या संघाचा पडता काळ असतो, फक्त बिल एकाच्या नावावर फाटतं.

आणि हो, १९९३ मध्ये भारताने मायदेशात इंग्लंडला ३-० ने धुतलं. तेव्हा कॅप्टन होते अझरुद्दीन आणि संघाचे क्रिकेट मॅनेजर होते अजित वाडेकर.