बाकड्यावर कोण बसले?

मराठवाड्यातल्या तेर गावाचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण थेट दोन हजार वर्षे मागे जातो, आणि त्याला कारणही तसेच आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातले तगर ते हेच. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते वसले होते आणि इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. इथल्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले. त्यावरून तगरचे लोक काय पीत असतील याचा अंदाज बांधता येतो. ते कुणाच्या शेजारी बसून पीत होते, हे मात्र खापरे सांगत नाहीत. हाच प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांतल्या चहाच्या हॉटेलांना आणि बेकऱ्यांना विचारता येतो, पण तो फारसा कुणी विचारत नाही. हॉटेलांवर लिहिणारे बहुतेक जण चवीवर लिहितात. माझ्या मते चव ही दुय्यम गोष्ट आहे. आपल्याकडे अनोळखी माणसांनी जात न विचारता रोज एका बाकड्यावर बसावे, ही सवय लावण्यात चहाच्या हॉटेलाचा वाटा मोठा आहे. त्यातही हे काम हॉटेलमालकाच्या उदारपणाने कमी झाले, परगावच्या गिऱ्हाइकाने जास्त केले.

चहा आणि बिस्किट किती स्फोटक होते, हे 1890 साली पुण्यात दिसले. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या एका कार्यक्रमात टिळक, रानडे अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, पुढे प्रायश्चित्तेही घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या माणसांना एका कपाचा जाब द्यावा लागला, तर सामान्य माणसाची काय कथा! त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाने चहाचे हॉटेल काढले. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. पुण्यात चहा पिणे हा गुन्हा ठरला होता. कोल्हापुरात न पिणाऱ्याची पंचाईत झाली. पण त्यासाठी छत्रपतींना गाडीतून उतरावे लागले, हेही विसरता येत नाही.

मराठवाड्याला शाहू महाराज लाभले नाहीत. इथे निजामाचे राज्य होते. 1934 साली दौलताबादचा किल्ला पाहायला आलेल्या आंबेडकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या हौदाचे पाणी वापरल्यावरून शिवीगाळ ऐकावी लागली. पुढे फेब्रुवारी 1941 मध्ये तेरच्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग परिषद भरली, तीही बाबासाहेबांच्या उपस्थितीत. स्वतंत्र भारताच्या घटनेने कलम 15 मध्ये दुकाने आणि उपाहारगृहांचा मुद्दाम उल्लेख केला आणि तिथे प्रवेश नाकारण्यास बंदी घातली. घटनाकारांना हॉटेलाचे नाव वेगळे घालावेसे वाटले, यातच हॉटेल काय चीज होती ते कळते.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो खरा आहे. कायदा झाला तरी खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत वेगळी कपबशी राहिली. दलिताने ती कोनाड्यातून काढायची, बाहेर बसून चहा प्यायचा, विसळून पुन्हा जागेवर ठेवायची, आणि पैसे मात्र तेवढेच द्यायचे. मग हॉटेलाने जात मोडली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? याचे उत्तर हॉटेल कुठे होते यात आहे. वेगळी कपबशी तिथेच टिकली जिथे मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला बापाच्या नावानिशी ओळखत होता. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते जमेना. गाडीतून उतरलेली माणसे, दहा मिनिटांचा थांबा, ‘दोन कडक’ अशी हाक. यातला कोण कुठल्या वस्तीतला हे विचारायला सवड कुणाला? 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे रस्ते आणि गाड्या वाढल्या, सीटीसी पत्तीने चहा स्वस्त केला. तेरसारख्या यात्रेच्या गावात तर चैत्रात गोरोबाकाकांच्या समाधीला चहूकडून माणूस येतो. एवढ्या गर्दीत दोन प्रकारच्या कपबश्या सांभाळणे धंद्यालाच परवडणारे नव्हते.

विकायचे काय, हेही या व्यवस्थेनेच ठरवले होते. जुन्या छोट्या हॉटेलात भाकरी-कालवण क्वचित. असायचे ते भजे, शेव, चिवडा, सकाळी सुशीला किंवा पोहे. पाण्यात शिजवलेल्या अन्नावर सोवळ्याचा पहारा कडक, तळलेल्या-भाजलेल्या जिनसांवर सैल. म्हणून कढईतून झाऱ्याने काढलेले, कागदावर तेल सोडणारे मिरचीचे भजे जिथे पोचले, तिथे वरण-भाताला पोचता आले नाही. बेकरीला याचा आणखी फायदा झाला. खारी, टोस्ट, नानकटाई कोरडी, टिकाऊ, पुड्यात बांधून घरी नेण्याजोगी. भट्टी कुणाची हे माहीत असूनही पुडा स्वयंपाकघरात गेला. पावाला जास्त वेळ लागला, कारण तो ओला, आंबवलेला आणि धर्मांतराच्या भीतीशी जोडलेला. आज त्याच पावाशिवाय वडा विकला जात नाही.

वारकरी म्हणतील, आमचा काला यापेक्षा जुना आणि मोठा आहे. जुना खराच. ज्या संतमेळ्यात गोरोबा कुंभार, नामदेव शिंपी, त्याच मेळ्यात चोखोबा. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात पायरीशीच राहिली, आणि तिथले मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. काला वर्षातून ठरल्या दिवशी होतो, त्याला श्रद्धा लागते. हॉटेलात फक्त सुट्टे पैसे लागतात आणि ते रोज उघडे असते. मी हॉटेलाला काल्यापेक्षा थोर म्हणत नाही. त्याची सवय जास्त खोल रुजली, एवढेच माझे म्हणणे.

बायकांच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. बाकडे पुरुषांचेच राहिले. बायकांसाठी फार तर पडद्याआडची फॅमिली रूम. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना डबे आणि जेवण देणाऱ्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना झाली ती 1975 साली, म्हणजे त्या रांधत होत्या आधीपासून, पण धंदेवाल्या म्हणून मोजल्या गेल्या नव्हत्या. तालुक्याच्या गावांत बेकरीने थोडी वाट दिली. काउंटरपाशी उभे राहून वाढदिवसाचा केक निवडणारी बाई चहाच्या हॉटेलात एकटी बसलेली अजून सहसा दिसत नाही.

आणि आता कागदी कप आला आहे. तो सर्वांना सारखा, विसळायचा प्रश्न नाही, विटाळाचाही नाही. पण त्याबरोबर बाकडीही कमी झाली. लोक उभ्याने पितात, मोबाइल पाहतात, निघून जातात. कपबशीचा भेद मिटला आणि शेजारी बसणेही कमी झाले, या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या आहेत. ज्यांनी कोनाड्यातली कपबशी पाहिली, वापरली किंवा वापरायला लावली, ती माणसे आता सत्तरीपुढे आहेत. कोणत्या गावात, कोणत्या हॉटेलात, कोणत्या साली ती कपबशी उचलली गेली, आणि कुणी भांडल्यावर, हे त्यांच्याकडून आताच लिहून घेतले पाहिजे.