शब्दांच्या अलीकडचे बोलणे

तीन-चार वर्षांचे मूल. शब्द नाही, बोट दाखवणे नाही, नजरही ठरत नाही. ‘याला काही कळत नाही’ हा निवाडा अशा वेळी फार लवकर दिला जातो.

१९७५ मध्ये एलिझाबेथ बेट्स आणि तिच्या दोन इटालियन सहकाऱ्यांनी शब्दापूर्वीच्या संवादाच्या दोन पायऱ्या मांडल्या. पहिलीवर बाळ नुसते रडते, अर्थ आई लावते. दुसरीवर हेतू येतो: बाळ खुळखुळ्याकडे पाहते, मग आईकडे, पुन्हा खुळखुळ्याकडे. एरवी वर्षाच्या आत गाठली जाणारी ही दुसरी पायरी तीव्र अक्षमता असलेल्या काही मुलांना वर्षानुवर्षे गवसत नाही. त्यांच्याकडे असतो तो श्वासाचा बदललेला वेग, ताठरलेले अंग किंवा एकाएकी आलेली स्तब्धता. ही स्तब्धता आपण कंटाळा समजतो. पुष्कळदा ते ऐकणे असते.

मग हेतू येतो कसा? नेदरलँड्समधील सिंट-मिखील्सखेस्टेल येथे यान फान डाइक यांनी मूकबधिर-अंध मुलांसोबत काम केले. गरोदरपणी आईला झालेल्या रुबेलामुळे ही स्थिती ओढवलेली मुले त्यांत बरीच होती. मूल डोलत असेल तर मोठ्या माणसानेही त्याला बिलगून डोलायचे, आणि मध्येच थांबायचे. थांबून वाट पाहायची. कधीतरी मूल अंगाने किंचित ढोसते. तो ‘आणखी’ हा त्याचा पहिला शब्दच म्हणायचा. यातले सर्वांत अवघड काम वाट पाहण्याचे. आपण मोठी माणसे दोन क्षणांत मुलाच्या वतीने बोलून मोकळी होतो.

या घाईचे टोक १९९० च्या दशकात अमेरिकेत दिसले. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत मदतनीस मुलाचा हात धरी आणि कळफलकावर वाक्ये उमटत. चाचणीत दोघांना वेगवेगळी चित्रे दाखवली, तेव्हा उमटले ते मदतनिसाने पाहिलेले. म्हणून अर्थ लावावा, पण पडताळावा: नावडती वस्तूही पुढे करावी, खूण पुन्हा येते का पाहावे.

घरी आईला, आजीला या खुणा पाठ असतात. पाळणाघरात नवी ताई आली की मूल पुन्हा मुके होते. स्कॉटलंडमध्ये यासाठी ‘संवाद-पासपोर्ट’ नावाची छोटी वही निघाली. ती मुलाच्या तोंडी लिहितात: ‘मी मान डावीकडे वळवली, की घास पुरे. चमचा खाली ठेवा.’