लुंबिनीच्या दारातून परत यायचे नसेल तर...

पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांतून आणि विहारांतून बौद्ध स्थळांच्या सहलींची पत्रके फिरू लागतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि लुंबिनी. यातील पहिली चार स्थळे भारतात आहेत. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी मात्र नेपाळात, म्हणजे परदेशात आहे. ही साधी गोष्ट पत्रक काढणारे विसरतात आणि पैसे भरणारेही विसरतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका सहलीत होतो. पत्रकात 'फक्त 15 जणांचा गट' असे छापले होते. गोरखपूरला उतरलो तेव्हा दुसऱ्या गावची मंडळीही त्याच बसमध्ये भरलेली दिसली. आम्ही 42 जण झालो. सोनौलीच्या सीमेवर बस अडली. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर तेथील जकात कार्यालयात, ज्याला तिकडे 'भन्सार' म्हणतात, पैसे भरून परवाना काढावा लागतो. आयोजकाची काहीच तयारी नव्हती. चार तास तिथेच गेले. सीमेपासून लुंबिनी जेमतेम 25-30 किलोमीटर, पण आम्ही पोहोचलो तेव्हा मायादेवी मंदिर बंद झाले होते आणि पहाटे बस परत निघणार होती. धुणीभांडी करून चार वर्षे पैसे साठवलेल्या एक आजी आमच्यासोबत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "वकीलसाहेब, दारापर्यंत येऊन परत जायचं का आम्ही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. कोर्टात दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या आम्ही स्वतःच्या सहलीचे पत्रक धड वाचले नव्हते!

म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. गटात जास्तीत जास्त किती माणसे? लुंबिनीत पूर्ण एक दिवस आहे की नुसता थांबा? खोलीत किती जण झोपणार? सहल रद्द झाली, किंवा आपण आजारी पडलो, तर किती पैसे परत? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर सहीनिशी घ्या. आयोजक आपल्याच समाजाचा आहे, विहारात रोज भेटतो, म्हणून पावती मागायला संकोच वाटतो. हा संकोचच आपल्याला महागात पडतो. चोख हिशेब ठेवणाऱ्या आयोजकाला पावती द्यायला काय हरकत असणार?

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागते. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, तेही मूळ, झेरॉक्स नव्हे. आधार कार्डावर विसंबू नका. ते 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठांनाच चालते. पन्नाशीतली बाई फक्त आधार घेऊन निघाली तर तिची अडचण होऊ शकते. नावाचे स्पेलिंग तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच आहे ना, हेही घरीच पाहा.

पैशाचे म्हणाल तर भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160. नेपाळने 2018 साली शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे नियम बदलत गेले. तेव्हा शंभराच्या नोटा नेणे सर्वात बिनधोक. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे.

हवामानाचाही विचार करा. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुके पडते आणि उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात. वैशाखात ऊन सोसवत नाही. ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. प्रवास विमा काढताना जुन्या आजाराचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचा.

छोट्या गटाचा फायदा हा की एकमेकांकडे लक्ष राहते. पण तो आपोआप होत नाही. निघण्यापूर्वी विहारात एक बैठक घ्या. कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाला वारंवार लघवीला उतरावे लागते, हे न लाजता सांगा. तरुणांची एकेका ज्येष्ठाशी जोडी लावा. सर्वांची नावे, घरचे फोन आणि ओळखपत्राच्या प्रती दोघांकडे ठेवा. सर्वात हळू चालणाऱ्याच्या चालीने गट चालला पाहिजे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? नशिबाला बोल लावून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आयोजकाच्या गावी जावे लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र पत्रक, पावती आणि मोबाईलवरचे संदेश जपून ठेवा. आमच्या त्या सहलीतल्या बेचाळीस जणांपैकी फक्त सहा जणांकडे पावती होती. बाकीच्यांनी काय दाखवायचे?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर 1956 मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, ढासळलेल्या प्रकृतीने जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्या देशात जाण्याची ओढ आपल्या माणसांना असते ती उगाच नाही. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आजही उभा आहे. मोलमजुरीच्या पैशातून तिथवर पोहोचलेल्या आपल्या आजीला तो दिवसाच्या उजेडात, शांतपणे पाहता आला पाहिजे. त्यासाठी श्रद्धा आपल्याकडे आहेच. जोडीला कागद वाचण्याची सवय लावून घेऊ या.