फोटोवरून कोरलची प्रजाती ओळखता येते का?

मालवणला स्कूबा करताना कोरलचा फोटो काढलात, तर ॲप लगेच नाव सुचवेल. पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एकाच प्रजातीचं कोरल लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड फांद्यांचं होतं आणि शांत पाण्यात लांब, बारीक फांद्यांचं. उलट, हुबेहूब दिसणारी दोन कोरल वेगळ्या प्रजातींची निघू शकतात. पोसिलोपोरा गटात तर तज्ज्ञही फसलेत. खात्रीसाठी सांगाड्यावरचे इवले खळगे मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, डीएनए तपासावा लागतो.

नाव चुकलं, तर दुर्मीळ प्रजाती संपतेय हे कळतच नाही. म्हणून फोटोसोबत ठिकाण, तारीख आणि पाण्याची खोली नोंदवा. तुकडा मात्र तोडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.