तक्रार वर चढते कशी : बराकी, मेस आणि एक ॲप

सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे जीएओने, लष्करी बराकींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. तपासनीस दहा तळांवर जाऊन आले होते. तुंबलेली गटारे, भिंतींवर बुरशी, झुरळे-उंदीर, तुटक्या खिडक्या, न लागणारी कुलुपे, रिकाम्या खोल्यांत घुसून राहणारी माणसे हे सारे त्यात होते. कोणी जवानाने आत्महत्या केली तर मागे उरलेली घाण साफ करण्याचे काम त्याच्या सहकाऱ्यांवर येऊ शकते, हेही त्यात नोंदवले होते. संरक्षण खाते प्रत्येक इमारतीला स्थितीचे गुण देत असते, पण ते गुण आणि प्रत्यक्ष भिंत यांचा मेळ बसत नव्हता. जीएओने एकूण 31 शिफारशी केल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस रॉब इव्हान्स या माजी सैनिकाचे ‘हॉट्स अँड कॉट्स’ हे ॲप जवानांच्या फोनवर दिसू लागले. गरम जेवण आणि पाठ टेकायला खाट, एवढाच त्या नावाचा अर्थ. ॲपचे काम साधे आहे. तळ निवडायचा, बराक किंवा मेस निवडायची, फोटो टाकायचा, तारे द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. स्वतःचे नाव द्यायचे नाही. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बराकींचे येल्प’ म्हटले. हॉटेलांना तारे देणाऱ्या त्या ॲपची ही उपमा सोयीची होती, पण पुरती लागू पडणारी नव्हती. हॉटेलात डाळ पचपचीत निघाली तर गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाते आणि मालकाला धडा मिळतो. अविवाहित कनिष्ठ जवानाला बहुधा बराकीतच राहावे लागते आणि जेवणाचा भत्ता त्याच्या पगारातून परस्पर वळता होतो. त्याला दुसरीकडे जाता येत नाही. मग त्याच्या एका ताऱ्याला जोर कुठून यायचा?

या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागते. 1996 मध्ये अमेरिकेने लष्करी कुटुंबांची घरे खासगी कंपन्यांकडे देण्याचा कायदा केला. सरकारचा खर्च वाचेल, कंपन्या घरे नीट ठेवतील, असा हिशेब होता. 2018 मध्ये रॉयटर्सच्या बातमीदारांनी लेखमाला लिहिली. शिशाचा विषारी रंग, बुरशी, आजारी मुले आणि दाद न देणारे घरमालक यांचे चित्र तिच्यात होते. 2019 च्या फेब्रुवारीत सैनिकांच्या बायका सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसल्या. त्या वर्षअखेरीच्या संरक्षण कायद्यात भाडेकरूंचे हक्क आले आणि तक्रारींची सार्वजनिक नोंद ठेवण्याची तरतूदही आली.

पण या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा न्यायालयातून मिळाला. डिसेंबर 2021 मध्ये बाल्फोर बीटी कम्युनिटीज या कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर भरायचे ठरले. दुरुस्ती वेळेत केली तर कंपनीला बक्षिसी मिळत असे. म्हणून कामांच्या नोंदीच बदलण्यात आल्या. गळता नळ कागदावर दुरुस्त झाला आणि घरात गळतच राहिला. नोंदणीची यंत्रणा संगणकावरचीच होती. तिच्या किल्ल्या ज्याची चूक मोजायची त्याच्याच कमरेला होत्या, ही खरी अडचण.

बराकी मात्र बहुतांशी सरकारच्याच ताब्यात राहिल्या, आणि तिथे वेगळी गोम होती. जवान तक्रार करतो सार्जंटकडे, तो ती पुढे नेतो, आणि ती पायरीपायरीने वर चढते. प्रत्येक पायरीवर असा कोणीतरी बसलेला असतो की ज्याच्या स्वतःच्या गोपनीय अहवालाला ही तक्रार डाग लावू शकते. शिवाय दुरुस्तीचा पैसा त्याच्या हातात नसतोच. मग तो म्हणतो, ब्लीच घ्या आणि भिंत पुसा. 2022 च्या ऑगस्टमध्ये फोर्ट ब्रॅगच्या स्मिथ बराकींतून हजाराहून अधिक जवान हलवावे लागले. तिथली बुरशी काही एका रात्रीत वाढली नव्हती. भिंतीवर दिसणारी गोष्ट वरच्या टेबलावर पोचायला इतका काळ लागला होता.

हॉट्स अँड कॉट्सने ही शिडी बाजूला टाकली. फोटो एकाच वेळी बराकीतल्या शेजाऱ्याला, तळाच्या कमांडरला, जनरलला, खासदाराला आणि बातमीदाराला दिसू लागला. ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर देणे अवघड झाले. एका ताऱ्याला जो जोर आला तो गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीचा नव्हता, चारचौघांत लाज जाण्याचा होता. काही तळांचे अधिकारी ॲपवर येऊन उत्तरे देऊ लागले.

मेसचा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला. 2023 च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या तेव्हाच्या फोर्ट कव्हाझोसवर, म्हणजे आता पुन्हा फोर्ट हूड झालेल्या तळावर, दहा मोठ्या मेसपैकी बराच काळ दोनच चालू होत्या. गाडी नसलेल्या जवानाने जेवायला जायचे कसे, याचा विचार कोणी केला नव्हता. 2024 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कार्सनच्या ताटांचे फोटो फिरले. एकात टोस्ट आणि वालाच्या जातीचे मूठभर लिमा बीन्स, बस्स. 2025 च्या सुरुवातीला ‘मिलिटरी डॉट कॉम’ने हिशेब मांडला. महिन्याला सुमारे 460 डॉलर जवानाच्या पगारातून जेवणासाठी कापले जात होते. अकरा मोठ्या तळांवर असे 22.5 कोटी डॉलर जमले, त्यांतले 15.1 कोटी अन्नावर खर्चच झाले नव्हते. फोटोने आधी ताट दाखवले होते. ते रिकामे का, हे शोधायला मात्र खातेवह्या चाळणारा पत्रकार लागला.

ॲपची मर्यादाही इथेच दिसते. तारे म्हणजे तपासणी नव्हे. रागावलेला माणूस लिहितो, पोटभर जेवलेला झोपी जातो. एकाच खोलीवर दहा शेरे येतात आणि शेजारच्या तळावर सामसूम असते, म्हणून तिथे सारे आलबेल आहे असे ठरत नाही. आणि छत बदलायला निधी लागतो, तो संसदेतूनच यावा लागतो. प्रतिनिधिगृहाच्या खास समितीने 2024 मध्ये सैनिकांच्या राहणीमानावर अहवाल दिला, मरीन कोअरने सगळ्या बराकींची खोलीन् खोली तपासण्याचा हुकूम काढला, वर्षअखेरच्या कायद्याने कनिष्ठ जवानांचा पगार 14.5 टक्क्यांनी वाढवला. यातले किती श्रेय ॲपचे, हे मोजता यायचे नाही. जीएओ, पत्रकार, सैनिकांची कुटुंबे या सगळ्यांनी मिळून तो रेटा तयार केला होता.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांनी करपलेली पोळी आणि नुसत्या हळद-मिठाची डाळ यांचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. देशभर चर्चा झाली आणि एप्रिलमध्ये त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. लष्कराचे तेव्हाचे प्रमुख जनरल बिपीन रावत यांनी जवानांना समाजमाध्यमांऐवजी तक्रारपेट्या वापरायला सांगितले. शिस्तीच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण पेटी कोण उघडतो आणि आतल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे चिठ्ठी टाकणाऱ्याला कसे कळते, हा प्रश्न उरतोच. यादव यांच्याजवळ नाव आणि चेहरा लपवायची सोय नव्हती. इव्हान्सच्या ॲपवर लिहिणाऱ्या जवानाला ती आहे. दोन प्रसंगांतला फरक डाळीच्या चवीत नाही, या सोयीत आहे.

आता अमेरिकी सेनादले स्वतःची साधने आणत आहेत. भूदलाचे दुरुस्तीच्या कामांसाठी स्वतःचे ॲप आहे, मरीन कोअरने बराकीत क्यूआर कोड लावले. नळ दुरुस्त व्हायचा तर हीच साधने कामाची, कारण प्लंबर त्यांनाच जोडलेला असतो. पण 2021 चा खटला विसरून चालणार नाही. तक्रार मिटली की नाही, हे दुरुस्ती करणाऱ्याने ठरवायचे नसते, ते त्या खोलीत झोपणाऱ्याने ठरवायचे असते. तो अधिकार सरकारी ॲपमध्ये येत नाही, तोवर एका माजी सैनिकाने बाहेर उघडून ठेवलेली ही नोंदवही लागणारच.