घरचा जुना सर्व्हर स्लो झालाय? आधी हार्ड डिस्कची नाडी बघा



सर्व्हर म्हटलं की मोठ्या कंपनीतली थंडगार एसी रूम डोळ्यासमोर येते. पण घरून धंदा करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांकडे सर्व्हर असतोच, फक्त आपण त्याला सर्व्हर म्हणत नाही. जिन्याखाली ठेवलेला आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप, त्यात टॅलीचा डेटा, डिझाईनच्या फाइल्स, ग्राहकांचे फोटो. घरातले दोन-तीन कॉम्प्युटर त्याला जोडलेले. तो रखडला की सगळं काम रखडतं. रोज फक्त २० मिनिटं फाइल उघडण्याची वाट बघण्यात गेली, तरी महिन्याच्या २५ दिवसांत ५०० मिनिटं होतात. म्हणजे एक अख्खा कामाचा दिवस गेला.

आमच्या बॅचमधल्या एक ताई लग्नाचे अल्बम डिझाईन करतात. ऐन सीझनमध्ये त्यांची एकेक फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली. भाच्याने सांगितलं, रात्री डीफ्रॅग लावून झोप, सकाळी पळायला लागेल. नशीब, झोपायच्या आधी त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, ताई, डीफ्रॅग राहू द्या, आधी चालू ऑर्डरचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

का? कारण डिस्क स्लो होण्याचे दोन प्रकार असतात. एक, डिस्क थकलेली. दुसरा, डिस्क आजारी. आजारी डिस्कवर एखादा भाग वाचता येत नाही, मग ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. यात कित्येक सेकंद जातात आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर हँग झाला. अशा डिस्कवर डीफ्रॅग लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला गड चढायला लावणं. हजारो फाइल्स उचलून इकडून तिकडे ठेवताना ती मध्येच बसू शकते.

डिस्क कुठल्या प्रकारात मोडते हे पाच मिनिटांत कळतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. दोन ओळी मुद्दाम बघा: ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. त्यांच्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल आणि आठवड्याभरात ते वाढत असेल, तर स्पीडचा विचार सोडा. डेटा काढा, डिस्क बदला. ताईंच्या डिस्कवर दोन्ही आकडे होते.

तिथेच ‘सीआरसी एरर’ नावाची एक ओळ असते. फक्त तोच आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. केबल बदलून बघा, अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे. आकडा खाली येणार नाही, पण वाढायचा थांबला की समजा काम झालं.

समजा डिस्क ठणठणीत निघाली. तरी दुकानात जायची घाई नको, आधी नेटवर्क बघा. इथे भलेभले फसतात. कितीतरी स्वस्त राउटरचे पोर्ट अजून १०० एमबीपीएसचेच असतात. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२ एमबी जातात, आणि तुमची जुनी डिस्क मोठी फाइल आरामात १०० एमबीच्या वेगाने देऊ शकते. ५०० एमबीची अल्बमची फाइल त्या राउटरवरून यायला ४० सेकंदांच्या वर लागतात, गिगाबिटवर साधारण पाच. केबलमधली एक तार तुटली तरी गिगाबिटचं कनेक्शन गुपचूप १०० वर येतं. नेटवर्क स्टेटसमध्ये ‘स्पीड’ समोर काय लिहिलंय ते सर्व्हरवर आणि तुमच्या कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे बघा.

आता खरंच डिस्कच कमी पडते ते कुठे? बारीक बारीक फाइल्सच्या कामात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हात तिथवर न्यायला अजून ८-९. असा हिशोब केला तर सेकंदाला फार तर ७५-८० ठिकाणी जाता येतं. तीन जण एकाच वेळी टॅली, फोटो आणि बिलं उघडतात तेव्हा ती बिचारी नुसती धावत असते. एसएसडीला फिरायचंच नसतं, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. म्हणून विंडोज आणि रोजचं चालू काम छोट्या एसएसडीवर टाका आणि जुन्या ऑर्डर हार्ड डिस्कवर राहू द्या. मदरबोर्ड जुना असून साटा-२ चा असेल तरी घ्या. सेकंदाला ३०० एमबीची मर्यादा पडेल, पण त्या धावपळीतून सुटका होईल.

हार्ड डिस्क ठेवणार असाल तर तिच्यात १५-२० टक्के जागा मोकळी सोडा. आणि तब्येत ठीक असेल तर डीफ्रॅग जरूर करा (एसएसडीवर मात्र नको). विंडोज ७ मध्ये डीफ्रॅगची वेळ मुळातच बुधवारी रात्री १ ची ठेवलेली होती. आपण तर रात्री मशीन बंद करून झोपतो! कितीतरी जुन्या मशीनवर ते वर्षानुवर्षं झालेलंच नसतं.

नवीन हार्ड डिस्क घेताना ‘सीएमआर’ आहे का, हे विचारा. ‘एसएमआर’ प्रकारात डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग खूप लिहायला गेलात की ती बसकण मारते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं होतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर तपासा.

एक टीप सगळीकडे फिरते: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा, स्पीड वाढेल. वाढतो, खोटं नाही. पण मग लिहिलेला डेटा डिस्कवर पोचायच्या आधी लाइट गेली तर तो गेलाच. आपल्याकडे लाइट कशी जाते ते मी सांगायला नको. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, साधा इन्व्हर्टर चालू होईपर्यंत मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. आधी यूपीएस, मग असले प्रयोग.

ताईंचं काय झालं? चालू ऑर्डर त्याच रात्री निघाल्या. बाकीचं कॉपी करायला दोन दिवस गेले आणि दोन जुने अल्बम वाचलेच नाहीत. आता एसएसडी आहे, बॅकअपची वेगळी डिस्क आहे, मशीन मात्र तेच जुनं. काढलेली डिस्क त्या भंगारवाल्याला देणार होत्या. मी थांबवलं, कारण त्यात शेकडो घरांचे लग्नाचे फोटो होते. मग त्यांच्या मिस्टरांनी ड्रिल मशीनने आतल्या चकतीला आरपार चार भोकं पाडली आणि मगच ती भंगारात गेली.